आधी भट्टी, मग घराणं: वाईनचे ग्लास करणाऱ्या रीडेलांचा कारभार

काचेची भट्टी रात्री बंद करून सकाळी पुन्हा पेटवता येत नाही. किती माल हाताने करायचा आणि किती मशिनवर, किंमत काय लावायची, दुसऱ्याचा कारखाना विकत घ्यायचा की नाही, हे वाईनचे उंची ग्लास करणाऱ्या धंद्यातले सगळे मोठे निर्णय शेवटी या एका अडचणीपाशी येऊन थांबतात. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात कुफ्स्टाइन नावाचं लहानसं शहर आहे. तिथलं रीडेल घराणं १७५६ पासून काचेत आहे. २०१३ पासून कारभार मॅक्सिमिलियन रीडेलकडे आहे, ही अकरावी पिढी. अशा धंद्यात मालकाच्या खुर्चीवर बसणाऱ्याला नेमकं काय बघावं लागतं, ते या घराण्याच्या आधाराने लिहितो.

हाताने काम चालतं तिथे काच मातीच्या मोठ्या कुंड्यांत वितळते. संध्याकाळी कच्चा माल भरायचा: वाळू, पोटॅश, सोडा, थोडी चुनखडी आणि आधीच्या फुटक्या ग्लासांचा चुरा. रात्रभर १४०० ते १४५० अंश सेल्सियसला तो वितळतो, त्यातले बुडबुडे वर येऊन निघून जातात. पहाटे तापमान ११५० ते १२०० अंशांपर्यंत उतरवतात. तेव्हा काच मधासारखी दाट होते आणि फुंकायला घेता येते. म्हणून काचवाल्यांची पाळी भल्या सकाळी सुरू होते आणि दुपारपर्यंत कुंडी रिकामी व्हावी लागते. कामगार कमी आले, ऑर्डर कमी आली, तरी गॅस तितकाच जळतो. मशिनच्या कारखान्यात तर कुंडीऐवजी अखंड टाकी असते. एका टोकाने माल आत, दुसऱ्या टोकाने काच बाहेर, चोवीस तास, वर्षानुवर्षं. ती टाकी गार झाली तर आतली काच गोठते, विटांचं अस्तर तडकतं आणि दुरुस्तीचा खर्च नव्या टाकीच्या जवळ जातो. २०२२ साली युरोपात गॅसचे भाव भडकले तेव्हा काचवाल्यांची झोप उडाली ती यामुळेच. कापड गिरणी आठवडाभर बंद ठेवता येते, काचेची टाकी नाही.

वाळूबद्दल थोडं. लोह ०.०२ टक्क्यांच्या वर गेलं की काचेला हिरवट झाक येते. खिडकीच्या काचेची कड बघा, तोच रंग. वाईनच्या ग्लासात तो चालत नाही, कारण वाईनचा रंग पारखणं हा त्या ग्लासाचा अर्धा उपयोग. सेलेनियम किंवा कोबाल्ट चिमूटभर घालून हिरवेपणा दडपता येतो, पण जास्त झालं की काच करडी दिसते. वाळूची खाण बदलली की पहिले काही दिवस माल बाजूला काढावा लागतो, हे हिशेबात धरलेलं बरं.

आता हातावरचं काम. फुंकनळीच्या टोकावर काचेचा गोळा घेतात आणि ओल्या लाकडी ठोकळ्यात फिरवून त्याला समान करतात. जराशी हवा फुंकून तो साच्यात सोडतात आणि नळी सतत फिरवत फुंकतात. साचा बीच किंवा नासपतीच्या लाकडाचा, पाण्यात मुरवलेला. तापलेली काच आणि ओलं लाकूड यांच्यामध्ये वाफेचा पातळ थर तयार होतो. काच त्या थरावर घसरत फिरते, म्हणून ग्लासाच्या पोटावर साच्याच्या जोडाची रेघ उमटत नाही. साचा कोरडा पडला तर काच लाकडाला चिकटते आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. फिरवणं एका क्षणासाठी थांबलं तर एक बाजू जाड, दुसरी पातळ. शिवाय लाकूड रोज आतून थोडं जळतं, साचा मोठा होत जातो, आणि महिन्याच्या सुरुवातीचा ग्लास शेवटच्या ग्लासाशी जुळत नाही. त्यासाठी दर पाळीला पोटाचा घेर आणि काठाचा व्यास मापून ठेवायचा. जास्त संख्येचा माल असेल तर आतून कार्बनचा लेप दिलेला लोखंडी साचा परवडतो, तोही पाण्याने भिजवावाच लागतो.

दांडा दोन प्रकारे होतो. पोटाच्या तळाशी ठेवलेली काचेची गुठळी चिमट्याने ओढून लांबवायची, हा ओढलेला दांडा. किंवा वेगळा लहान गोळा आणून चिकटवायचा आणि मग ओढायचा. ओढलेला दांडा पोटाशी एकजीव असतो आणि बोटाला सांधा लागत नाही. मग दांड्याच्या टोकाला आणखी एक गोळा देऊन ओल्या लाकडी पट्ट्यांनी तो सपाट चकतीसारखा पसरवतात, तो तळ. इथे तापमान चुकलं की सगळं चुकलं. दांडा फार गार असताना तळाचा गोळा लावला तर जोड वरून ठीक दिसतो आणि धुताना निसटतो. फार गरम असेल तर दांडा वाकतो, पोट तिरकं बसतं. ग्लास सपाट संगमरवरावर ठेवून फिरवला की हा दोष लगेच कळतो.

तयार ग्लास तसाच बाहेर ठेवला तर तडकतो. बाहेरची बाजू आधी थिजते, आतली नंतर, आणि त्यातून काचेत ताण उरतो. म्हणून तो लांब बोगद्यासारख्या ओव्हनमधून जातो. सुरुवातीला साधारण ५०० अंश, मग हळूहळू खाली. तळ आणि पोट यांच्या जाडीत जितका फरक, तितकी ही उतरण संथ ठेवावी लागते. ताण डोळ्यांना दिसत नाही, पण ध्रुवीकृत प्रकाशाच्या दोन पडद्यांमध्ये ग्लास धरला की ताणाच्या जागी उजळ पट्टे उठतात. हे साधन स्वस्त आहे. ते नसलेल्या कारखान्याचे ग्लास दुकानाच्या फळीवर आपोआप तडकतात आणि दोष दुकानदाराच्या माथी येतो.

गार झालेल्या ग्लासाच्या डोक्यावर अजून काचेची टोपी असते, जिथे फुंकनळी जोडलेली होती. तिच्याखाली हिऱ्याच्या टोकाने रेघ मारून ग्लास बारीक ज्योतीवर फिरवतात आणि टोपी गळून पडते. मग ओल्या पट्ट्यावर काठ घासायचा, धुवायचा, आणि ज्योतीने जेमतेम वितळवून गुळगुळीत करायचा. ज्योत जास्त वेळ राहिली की काठ गोळा होऊन जाड कडी बनते. स्वस्त ग्लासाच्या काठावर ओठाला जाणवणारी गोल वळी असते ती जाणूनबुजून ठेवलेली, कारण ती लवकर होते आणि मजबूत असते. उंची ग्लासाचा काठ एक मिलिमीटरच्या आसपास, सरळ कापलेला. वाईन त्यावरून न अडखळता उतरते.

आता मालकाचा हिशेब. समजा असे पाच टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर ९५ टक्के माल पास होतो. ऐकायला उत्तम वाटतं. पण पाच वेळा ९५ टक्के म्हणजे शेवटी शंभरातले ७७ ग्लास विकायला उरतात. प्रत्येक टप्पा ९० टक्क्यांवर घसरला तर फक्त ५९. फुटलेली काच पुन्हा कुंडीत जाते, त्यामुळे वाळू वाया जात नाही, पण गॅस आणि कारागिराचा वेळ गेलेला असतो. त्यातही शेवटच्या टप्प्यावर फुटलेला ग्लास सर्वांत महाग. म्हणून सगळ्यात कडक तपासणी गोळा घेतानाच हवी. काचेत खडा किंवा रेघ दिसली तर तिथल्या तिथे टाकून द्यावी. तसा अधिकार गोळा घेणाऱ्या पोराला द्यायला बऱ्याच मालकांचं मन धजत नाही, आणि माझ्या मते पैसा नेमका तिथेच झिरपतो.

या धंद्यात भट्टी ठेवलीच पाहिजे असंही नाही. व्हिएन्नातलं लोबमायर हे १८२३ पासूनचं घराणं आकृती ठरवतं, कोरीवकाम सांभाळतं आणि फुंकण्याचं काम बाहेरच्या कारखान्यांकडून करून घेतं. गॅसचं बिल दुसऱ्याचं, नाव आपलं. पण नवी आकृती करून बघायची तर दुसऱ्याच्या पाळीत जागा मागावी लागते. रीडेलांनी उलट वाट धरली आणि तिची किंमतही मोजली.

घराण्याची मुळं बोहेमियात, आजच्या चेकियातल्या यिझेरा डोंगरात. जंगल म्हणजे जळण आणि पोटॅशसाठी राख, दोन्ही हाताशी. तिथल्या थोरल्या योसेफ रीडेलला लोक यिझेरा डोंगराचा काचराजा म्हणत. तेव्हा वाईनचे ग्लास हा मुख्य माल नव्हता. रंगीत काचेच्या कांड्या, मणी, अत्तराच्या कुप्या, दिव्यांचे भाग यांवर घर चालायचं. युरेनियम घालून केलेल्या पिवळ्या आणि हिरव्या काचेला त्यांनी घरातल्या आन्नाचं नाव दिलं होतं. या कांड्या शेजारच्या याब्लोनेत्स गावच्या कारागिरांकडे जात, आणि त्याच परिसरातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात काचेचे मणी आणि बांगड्या येत असत. बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. स्वदेशीच्या काळात आपल्याकडे ज्या विलायती बांगड्यांवर बहिष्कार पुकारला गेला, त्यांतल्या बऱ्याच विलायतेच्या नव्हत्याच, ऑस्ट्रियाच्या होत्या. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला, तो याच आयातीला उत्तर म्हणून.

१९४५ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सगळं जप्त झालं. आठव्या पिढीचा वाल्टर रीडेल सोव्हिएत कैदेत गेला आणि १९५५ पर्यंत तिथेच राहिला. मुलगा क्लाउस युद्धकैद्यांच्या गाडीतून ऑस्ट्रियात निसटला. टिरोलमधल्याच वाटेन्स गावच्या, काचेचे खडे करणाऱ्या स्वारोव्स्की घराण्याने त्याला आधार दिला. ते मूळचे त्याच बोहेमियन मुलखातले, दोन्ही घरांची ओळख जुनी. त्यांच्या मदतीने बापलेकांनी १९५६ साली कुफ्स्टाइनचा दिवाळखोर कारखाना घेतला. म्हणजे आज जे घराणं म्हणून दिसतं त्याची इमारत सत्तरेक वर्षांचीच. दोनशे वर्षांच्या भट्ट्या गेल्या, उरलं ते डोक्यातलं आणि हातातलं ज्ञान. वारसाला शेअर देण्याआधी फुंकनळी हातात द्यावी, हे सांगायला याहून दुसरा पुरावा नको.

नव्या जागी जुना माल करून चाललं नसतं. दारूचे रंगीत, कोरीव, जाड पेले करणारे युरोपात पुष्कळ होते. क्लाउसने सगळी सजावट काढून टाकली: रंग नाही, कोरीवकाम नाही, पातळ काच, लांब दांडा, मोठं पोट. १९५८ चा बर्गंडी या फ्रेंच वाईनसाठीचा ग्लास जवळजवळ एक लिटर मावेल एवढा आहे आणि तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ठेवलेला आहे. १९७३ मध्ये हाताने फुंकलेल्या ‘सोमेलिए’ मालिकेत वाईनच्या जातीनुसार वेगवेगळ्या आकृती आल्या. धंद्याच्या बाजूने बघाल तर ही फार हुशार चाल होती. आधी घरात सहा ग्लासांचा एक संच पुरायचा. आता पिनो न्वारचे वेगळे, काबर्नेचे वेगळे, रीजलिंगचे वेगळे.

मग आकृतीने खरंच फरक पडतो का? नाकापुरता पडतो. २०१५ मध्ये टोकियोच्या वैद्यकीय आणि दंतविद्यापीठातल्या कोजी मित्सुबायाशी यांच्या गटाने ग्लासाच्या तोंडाशी अल्कोहोलची वाफ कशी पसरते त्याची चित्रं घेतली. १३ अंशांवरच्या वाईनची वाफ वाईनच्या ग्लासात काठाभोवती कडं करून राहिली आणि मध्यभागी कमी होती. त्यामुळे मध्यावर नाक नेलं तर अल्कोहोलचा चटका न बसता वास मिळतो. सरळ ग्लासात किंवा मार्टिनीच्या पसरट ग्लासात तसं कडं झालं नाही. २५ अंशांवर हा फायदा उरला नाही. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीच्या तापमानाची रेड वाईन भारी ग्लासात ओतून उपयोग नाही. बाटली आधी पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

जिभेपुरतं मात्र घराण्याने सांगितलेलं टिकलं नाही. काठाच्या वळणामुळे वाईन जिभेच्या ठरावीक भागावर पडते आणि गोड टोकावर, आंबट कडांना कळतं, असा दावा बराच काळ ग्लास विकायला वापरला गेला. जिभेचा तो नकाशा १९०१ सालच्या एका जर्मन प्रयोगाच्या चुकीच्या वाचनातून पसरला. सगळ्या चवी जिभेच्या चव घेणाऱ्या सगळ्या भागांत कळतात. माल खरा असताना त्याला पोकळ शास्त्राचा टेकू देऊ नये, कारण टेकू निघाला की लोक मालावरही शंका घेतात.

विक्रीची त्यांची पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे. दहाव्या पिढीचा गेऑर्ग रीडेल जगभर फिरून ग्लासांची चाचणी घ्यायचा. प्रत्येकासमोर तीन-चार ग्लास आणि एक प्लास्टिकचा पेला, आणि एकच वाईन एकातून दुसऱ्यात ओतून वास घ्यायचा. भाषण कमी, नाक जास्त. तुम्हाला अशी बैठक करायची असेल तर एकाच बाटलीतून प्रत्येकी ५० मिली घ्या, सगळं एकाच तापमानाला ठेवा, ग्लास बिनवासाच्या साबणाने धुवून गरम पाण्याने दोनदा खळखळून घ्या. आणि एक तरी फेरी डोळ्यांवर पट्टी बांधून करा. दुसऱ्याने ग्लास नाकाशी धरावा, हाताला वजन कळू नये. विकणारे ही फेरी टाळतात.

पण हाताने फुंकलेल्या मालावर इतकी मोठी बाजारपेठ भरत नाही. चांगला फुंकणारा तयार व्हायला वर्षं लागतात आणि युरोपात असे हात कमी होत चालले आहेत. २०२३ मध्ये युनेस्कोने हाताने काच घडवण्याच्या कलेची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशात केली. चेकिया, जर्मनी, फ्रान्ससह सहा देशांचा तो एकत्रित अर्ज होता. बहुमान खरा, पण त्याने हात वाढत नाहीत. गेऑर्गने १९८६ मध्येच ‘विनम’ मालिका काढली होती. आकृती बापाच्या, पण ग्लास मशिनवर फुंकलेले, त्यामुळे किंमत बरीच खाली. २००४ मध्ये तर जर्मनीच्या बव्हेरियातली नाख्टमान ही काच कंपनीच विकत घेतली, तिच्यासोबत श्पीगेलाउ हे नावही आलं. आंबेर्गमधला त्यांचा कारखाना नामवंत वास्तुकार वाल्टर ग्रोपिउसने आखलेला आहे. लोक त्याला काचेचं कॅथेड्रल म्हणतात. उंच तिरकं छप्पर दिसायला सुंदर आहेच, पण भट्टीची उष्णता वर निघून जावी हाही त्याचा हेतू.

ही खरेदी म्हणजे नुसता विस्तार नव्हता. अखंड टाकीला रोज ठरावीक टन काच खपवावी लागते. केवळ उंची ग्लासांवर ती चालत नाही, म्हणून वेगवेगळ्या किमतीची नावं एकाच छताखाली लागतात: वर हातकामाचं नाव, मधे मशिनवरचे जातीनिहाय ग्लास, खाली हॉटेलांचा टिकाऊ माल. वरच्या नावाची प्रतिष्ठा खालचा माल विकते आणि खालच्या मालाचं गिऱ्हाईक टाकी पेटती ठेवतं. दोघांची सरमिसळ झाली की दोन्ही बुडतात. २००४ मध्येच मॅक्सिमिलियनने बिनदांड्याची ‘ओ’ मालिका आणली. जाणकारांनी नाकं मुरडली, हाताच्या उबेने वाईन तापते म्हणून, आणि ते बरोबरही आहे. पण दांडाच सर्वांत जास्त मोडतो, कपाटात तोच जागा खातो आणि डिशवॉशरमध्ये तोच अडतो. तो काढून टाकण्याची हिंमत घरातल्याच माणसाला झाली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

घेताना काय बघायचं? क्रिस्टल हा शब्द युरोपात १९६९ च्या नियमाने बांधलेला आहे. २४ टक्के किंवा अधिक लेड ऑक्साइड असेल तरच लेड क्रिस्टल म्हणता येतं. शिसं नसलेल्या क्रिस्टलमध्ये जस्त, बेरियम, पोटॅशियम अशा ऑक्साइडांचं प्रमाण मोजतात. शिशामुळे काच चमकते, नाद छान देते आणि काम करायला मऊ राहते, पण आम्लधर्मी पेय आठवडेच्या आठवडे त्यात ठेवलं तर शिसं पेयात उतरतं. तासाभराच्या ग्लासात फारसं काही बिघडत नाही, जुन्या लेडच्या सुरईत मात्र वाईन साठवू नका. नव्या मालातून बहुतेक कारखान्यांनी शिसं काढलं आहेच.

नाशिकच्या वाईन पिणाऱ्याला बारा आकृतींची गरज नाही. शनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यो ब्लाँ या पांढऱ्या वाईनसाठी ३५० ते ४०० मिलीचा उभट ग्लास आणि शिराझ या रेड वाईनसाठी ५५० ते ६०० मिलीचा मोठ्या पोटाचा, इतकं पुरतं. काठ पोटापेक्षा अरुंद हवा. ओतताना पोटाच्या सर्वांत रुंद जागेच्या वर जाऊ नका. १५० मिलीच्या हिशेबाने ७५० मिलीच्या बाटलीत पाच ग्लास बसतात. उकळत्या पाण्याखाली थंड ग्लास धरू नका. पुसताना तळ एका हातात आणि पोट दुसऱ्या हातात धरून उलटसुलट पिळलं की दांडा मोडतो, घरातले बहुतेक ग्लास असेच जातात. पोट तळहातावर घ्या, त्याच हाताच्या बोटांनी आधार द्या आणि दुसऱ्या हाताने नुसतं फडकं फिरवा. कपाटात ग्लास सुलटा ठेवा. उलटा ठेवला तर सगळा भार त्या एक मिलिमीटरच्या काठावर येतो आणि लाकडाचा वास आत कोंडतो.